यथादृष्ट नक्कल : पोथ्यांच्या छायाप्रती व फाइलींतील द्विमान लेखन

(१)

पोथ्यांचा व जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस नकलेचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. आपण ज्यास मूळ ग्रंथ म्हणतों तो बहुधा नकलेचीही नक्कल असतो, आणि नकलकारानें पाहिलें काय व लिहिलें काय, यांतील अंतर शोधण्यांत संशोधकाचा पुष्कळसा काळ खर्च होतो. अलीकडे या कामांत संगणक हा एक नवा नकलकार आला आहे. पानाचें छायाचित्र घेतलें, कीं तें फाइलीच्या रूपानें लिहिलें जातें. पुढें त्या फाइलीस रुमालाचा व कागदाचा अनुक्रम देणें, यादी करणें, दुसऱ्या तबकडीवर प्रत उतरणें इत्यादि कामें लहान लहान आज्ञावलींकडून करून घेतात. या आज्ञावली पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेंत लिहिलेल्या असतात. दहापांच ओळींत काम भागतें, त्यामुळें संग्रहाची व्यवस्था पाहणारा एखादा विद्यार्थीही त्या लिहूं शकतो. मात्र त्या ओळींत एका अक्षराची उणीव राहिली, तर शेंकडों कागदांच्या प्रती एका क्षणांत बिघडूं शकतात. आणि हा बिघाड पुष्कळदां तत्काळ दृष्टीस पडत नाहीं. म्हणून फाइलींत द्विमान मजकूर कसा लिहिला जातो, हें संग्राहकानें स्वतः समजून घ्यावें, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. यासाठीं संगणकशास्त्राचें पूर्वज्ञान लागत नाहीं. मोडी वाचणाऱ्यास, शकावली वापरणाऱ्यास व छंदःशास्त्राशीं तोंडओळख असणाऱ्यास यांतील बहुतेक गोष्टी परिचयाच्याच वाटतील.

खानदेशापुरतें पाहिलें तरी हा प्रश्न निकडीचा आहे. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थसंप्रदायाचें हस्तलिखित वाङ्मय मठामठांतून मिळविलें. तें तेथील समर्थ वाग्देवता मंदिरांत आहे. समर्थांच्या हातची म्हणून मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रतही त्यांतच आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच निवर्तले, व त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. याखेरीज जळगांव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या वतनदारांच्या व पेढीवाल्यांच्या घरीं माळ्यावर, पेट्यांत व रुमालांत बांधलेले कागद आहेत ते वेगळेच. हे सर्व कागद कसर, ओल आणि मनुष्य या तिघांच्या तावडींत असतात. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावानें हल्ला केला, तेव्हां नामांकित संस्थेंतील संग्रहही किती अरक्षित असतो हें साऱ्या महाराष्ट्रास दिसलें. मूळ कागद नाहींसा झाल्यावर त्याची छायाप्रत हाच पुरावा उरतो. तो पुरावा खरा राहिला पाहिजे.

(२)

पोथीच्या शेवटीं नकलकार एक विज्ञापना करीत असे, ती सर्वांच्या पाहण्यांतील आहे. जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष मजकडे नाहीं, असा तिचा आशय. दुसऱ्या प्रकारचा नकलकार याहून जाणता असतो. त्यास जुनें रूप दिसलें कीं तो नवें घालतो, अडलेल्या शब्दाच्या जागीं सोपा शब्द योजतो, आणि चरण लंगडा वाटला तर एखादें अक्षर पदरचें घालून तो पुरा करतो. श्रोत्यांस दुसऱ्याची प्रत गोड वाटते, परंतु संशोधकास पहिल्याची प्रत हवी असते. राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली ती याच दृष्टीनें, जुनीं भाषारूपें जशींच्या तशीं लोकांपुढें यावींत म्हणून.

संगणकाच्या फाइलींत लिहिण्याच्याही अशाच दोन रीती आहेत. एकीस आपण मजकुराची रीत म्हणूं व दुसरीस द्विमान रीत म्हणूं. मजकुराच्या रीतीनें फाइल उघडली, कीं यंत्र आपण दिलेलीं अक्षरें प्रथम एका संकेतानुसार अंकांत रूपांतरित करतें. शिवाय विंडोज या व्यवस्थेंत ओळ संपल्याची जी खूण असते, तिच्या जागीं दोन खुणा लिहितें. येथें यंत्र जाणत्या नकलकाराप्रमाणें वागतें. पत्र, टीप, सूची असा वाचावयाचा मजकूर लिहितांना ही सुधारणा सोयीची असते. द्विमान रीतीनें फाइल उघडली, तर दिलेला प्रत्येक अंक जसाच्या तसा लिहिला जातो. अधिक नाहीं व उणा नाहीं. ही यथादृष्ट नक्कल होय. पायथन भाषेंत या दोहोंतील भेद दर्शविण्यास ‘बी’ हें एकच अक्षर पुरतें. फाइल उघडण्याच्या ‘ओपन’ या आज्ञेंत ‘डब्ल्यू’ असें लिहिलें तर मजकुराची रीत, आणि ‘डब्ल्यू’पुढें ‘बी’ जोडलें तर द्विमान रीत. वाचतांनाही ‘आर’पुढें ‘बी’ लावावा लागतो. वर ज्या एका अक्षराच्या उणिवेचा उल्लेख केला तें अक्षर हेंच.

(३)

आतां द्विमान म्हणजे काय तें पाहूं. संगणक जें कांहीं लिहितो तें दोनच चिन्हांनीं लिहितो. त्या चिन्हांस शून्य व एक अशीं नांवें आहेत. परंतु लघु व गुरु म्हटलें तरी चालेल. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत प्रस्तार म्हणून जो प्रकार आहे त्यांत नेमकी हीच रचना आहे. तीन अक्षरांच्या ठिकाणीं लघु-गुरूंच्या जेवढ्या जुळण्या होतात तेवढ्या क्रमानें मांडल्या, कीं आठ ओळी होतात. म, य, र, स, त, ज, भ, न हे आठ गण ते हेच. अमुक क्रमांकाच्या ओळींत कोणते लघु-गुरु असतील हें काढण्याच्या कृतीस नष्ट म्हणतात, आणि दिलेल्या ओळीचा क्रमांक काढण्याच्या कृतीस उद्दिष्ट म्हणतात. उदाहरणार्थ, सहावी ओळ हवी असेल तर ६ ही संख्या सम आहे म्हणून लघु मांडावा व तिचें अर्ध ३ घ्यावें. ३ विषम आहे म्हणून गुरु मांडावा, एक मिळवून अर्ध करावें, २ येतात. २ सम म्हणून पुन्हां लघु. लघु-गुरु-लघु असा ज गण मिळाला. संख्येवरून चिन्हांची ओळ काढणें व ओळीवरून संख्या काढणें, याच दोन कृती संगणक अहोरात्र करीत असतो.

संगणकाच्या एका चिन्हास बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटास बाइट म्हणतात. अनुष्टुभाच्या एका चरणांत अक्षरें आठ असतात. त्या आठही स्थानीं लघु किंवा गुरु कोणताही चालेल असें धरलें, तर २५६ प्रकार होतात. म्हणून एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. द्विमान फाइल म्हणजे अशा आठ-आठ अक्षरी चरणांची एक लांब रांग होय. त्या रांगेंत चित्र, अक्षर किंवा तारीख यांपैकीं कांहींही प्रत्यक्ष लिहिलेलें नसतें. वाचणाऱ्यानें कोणता संकेत धरला आहे त्यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

भास्कराचार्यांनीं लीलावतींत गायत्री छंदाच्या प्रस्ताराचें एक उदाहरण घातलें आहे. सहा अक्षरांच्या एका चरणाचे ६४ प्रकार होतात, आणि चारी चरणांच्या चोवीस अक्षरांचे १,६७,७७,२१६ होतात. आजच्या रंगीत छायाचित्राचा प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या प्रमाणांनीं लिहितात. प्रत्येक प्रमाणास एक बाइट, म्हणजे एकंदर चोवीस बिट लागतात. तेव्हां अशा एका बिंदूस जेवढे रंग संभवतात त्यांची संख्याही १,६७,७७,२१६ हीच येते. पोथीच्या पानाचें छायाचित्र रुंदींत ६,००० व उंचींत ४,००० बिंदूंचें असेल तर बिंदु २ कोटि ४० लक्ष होतात, आणि संक्षेप न करतां तें लिहावयाचें तर ७ कोटि २० लक्ष बाइट लागतात. एका पानास एवढा पसारा असतो, म्हणूनच तो हातानें तपासणें अशक्य असतें व लिहिण्याची रीतच बिनचूक असावी लागते.

ही गणना खानदेशास परकी नाहीं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें सांगणारा शके ११२८ चा शिलालेख जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळ पाटणें येथील आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्धीस आणला. त्याचा बराचसा भाग संस्कृत आहे, आणि मठास मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठींत आहे. ज्यास जें वाचावयाचें त्याच्या भाषेंत तें लिहावें, ही दृष्टि त्यांत दिसते. पुढें सूचीचा विचार करतांना तिचा उपयोग होईल.

(४)

एका बाइटांत २५५ पर्यंतचीच संख्या मावते. मग सालाचा आंकडा कसा लिहावा? त्यासाठीं दोन बाइट घेतात. एकांत सुटे व दुसऱ्यांत २५६ चे गट. आपल्या दप्तरांतील सुहूर सनाचें उदाहरण घेऊं. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे १, ६०, १०० व १००० मिळून ११६१; त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन १७६०-६१ येतो. पानिपतचें वर्ष तें हेंच. या ११६१ मध्यें २५६ चे ४ गट निघतात व १३७ सुटे राहतात. तेव्हां हें साल लिहितांना ४ व १३७ असे दोन बाइट लागतील.

परंतु आधीं ४ लिहावे कीं आधीं १३७? येथें जाणकार वाचकास हंसूं येईल, कारण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सुहूर सनांत एकं आधीं सांगतात, मग दशक, मग शतक व शेवटीं सहस्र. शब्दांनीं अंक सांगण्याच्या संस्कृत पद्धतींतही अंक उजवीकडून डावीकडे चालतात. भास्कराचार्यांचा जन्मशक रस, गुण, पूर्ण व मही या क्रमानें सांगितला जातो, म्हणजे ६, ३, ०, १, आणि तो वाचावयाचा १०३६. उलट अंकांनीं साल लिहितांना आपण सहस्रस्थान आधीं लिहितों. संगणकांतही हे दोन्ही संप्रदाय आहेत. सुटे आधीं लिहिण्याच्या पद्धतीस लिटल एंडियन म्हणतात व मोठे गट आधीं लिहिण्याच्या पद्धतीस बिग एंडियन म्हणतात. पहिल्या पद्धतीनें १३७, ४ असे लिहिलेले बाइट दुसऱ्या पद्धतीनें वाचले, तर ११६१ च्या जागीं ३५,०७६ हें साल निघतें.

म्हणून कोणताही चांगला संकेत आपला क्रम आधींच जाहीर करतो. छायाप्रतींसाठीं ग्रंथालयें व दप्तरखाने टिफ नांवाचा जो प्रकार वापरतात, त्याच्या फाइलीचे पहिले दोन बाइट ७३, ७३ असले तर सुटे आधीं हा क्रम समजावा, आणि ७७, ७७ असले तर मोठे गट आधीं. त्यापुढें ४२ ही संख्या त्याच क्रमानें दोन बाइटांत लिहिलेली असते, ती पडताळ्यासाठीं. पत्राच्या आरंभीं कोणता सन धरला आहे हें सांगावें तसाच हा प्रकार आहे. पायथन भाषेंत संख्येचे बाइट करण्यासाठीं ‘स्ट्रक्ट’ नांवाचें साधन आहे. त्यांत ‘<’ हें चिन्ह घातलें तर सुटे आधीं व ‘>’ घातलें तर मोठे गट आधीं लिहिले जातात. कोणतेंच चिन्ह न घालतां लिहिलें तर क्रम ज्या यंत्रावर काम चाललें असेल त्या यंत्राचा पडतो. संग्रहाच्या फाइलींत असें कधींही करूं नये. फाइल ज्या यंत्रावर लिहिली त्याच यंत्रावर पुढें वाचली जाईल याची शाश्वति कोणी द्यावी?

(५)

एक लहान सूची कल्पून हा विषय अधिक स्पष्ट करूं. प्रत्येक कागदाची नोंद आठ बाइटांची आहे असें धरूं : सुहूर सनास दोन, महिन्यास एक, चंद्रास एक, रुमालाच्या अनुक्रमास दोन व कागदाच्या अनुक्रमास दोन. सन इहिदे सितैन मया व अलफ, छ १४ रजब, रुमाल १२, कागद ३०० अशी नोंद असेल, तर रजब हा सातवा महिना असल्यानें फाइलींत १३७, ४, ७, १४, १२, ०, ४४, १ असे आठ बाइट पडतील. हीच नोंद देवनागरी अंकांत मजकूर म्हणून लिहिली तर एकेका अंकास यूनिकोडच्या प्रचलित संकेतांत तीन बाइट लागतात. बारा अंकांचे छत्तीस, मधलीं चार अंतरें व ओळीच्या शेवटची खूण धरून एकेचाळीस होतात. द्विमान नोंद आटोपशीर असते हा एक लाभ. प्रत्येक नोंद सारख्या लांबीची असल्यानें हजारावी नोंद हवी असतां आधींच्या ७,९९२ बाइटांवरून उडी मारून थेट तेथें जातां येतें, हा दुसरा लाभ.

आतां समजा कीं ही फाइल लिहितांना ‘बी’ राहून गेला, व पत्र छ १४ चें नसून छ १० चें आहे. ओळ संपल्याची खूण संगणकांत १० या अंकानेंच लिहितात. विंडोज व्यवस्थेंत मजकुराची रीत चालूं असली, कीं यंत्रास वाटतें ही ओळ संपली, आणि तें १० च्या आधीं १३ हा अंक आपल्या पदरचा घालतें. मूळ १३७, ४, ७, १०, १२, ०, ४४, १ असतां फाइलींत १३७, ४, ७, १३, १०, १२, ०, ४४, १ असे नऊ बाइट पडतात. वाचणारा पहिले आठ घेतो. त्यास सन बरोबर मिळतो, महिना बरोबर मिळतो, आणि छ १० च्या जागीं छ १३ मिळतो. रुमालाचा अनुक्रम ३,०८२ व कागदाचा ११,२६४ असा भलताच निघतो. पुढची नोंद एका बाइटानें सरकते व तिचें साल ३५,०७३ होतें; तेथून शेवटपर्यंत सारी सूची घसरते.

या उदाहरणांतील भयंकर गोष्ट पुढील नोंदींचा गोंधळ ही नव्हे. तो कोणाच्याही लक्षांत येईल. भयंकर गोष्ट छ १३ ही आहे. ही तारीख अगदीं संभवनीय दिसते. कोणी घाईनें फक्त तारखा उतरून घेतल्या, तर दहाव्या चंद्राचें पत्र तेराव्याचें म्हणून एखाद्या लेखांत जाईल, आणि तीन दिवसांच्या या अंतरावर पत्र स्वारीपूर्वीं लिहिलें कीं नंतर असा वाद उभा राहील. जुन्या रीतींत २६ या अंकाचाही असाच उपद्रव होता. विंडोजवर मजकूर म्हणून फाइल वाचतांना २६ हा अंक भेटला, कीं फाइल संपली असें समजलें जाई. मग छ २६ च्या पत्रापुढील सारी सूची असून नसल्यासारखी होई.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीनें, म्हणजे २००८ सालापासून, या कामीं शिस्त आणली आहे. तींत मजकूर व बाइट या दोन भिन्न जाती मानल्या आहेत. मजकुराच्या रीतीनें उघडलेल्या फाइलींत बाइट लिहूं गेल्यास भाषा तें काम नाकारते व चूक दाखविते. दुसऱ्या आवृत्तींत ही अडचण नव्हती, म्हणून बिघाड मुकाट्यानें होत असे. त्या आवृत्तीची देखरेख २०२० च्या आरंभीं थांबली; तथापि तेव्हां लिहिलेल्या आज्ञावली व त्यांनीं निर्माण केलेल्या फाइली जुन्या संग्रहांत सांपडतात, आणि पर्ल वगैरे इतर भाषांत द्विमान रीत आपण होऊन सांगावी लागते. जाळ्यावरून फाइली पाठवितांना मजकुराची रीत निवडली गेली तरी हाच परिणाम होतो. पीएनजी नांवाचा चित्रप्रकार १९९६ सालीं ठरला, तेव्हां त्याच्या कर्त्यांनीं याचा पुरता विचार केला होता. त्या प्रकारच्या प्रत्येक फाइलीच्या आरंभीं १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० हे आठ अंक असावेच लागतात. वाटेंत कोणीं ओळीच्या खुणा सुधारल्या असतील तर हे १३ व १० बदलतात, आणि फाइल उघडतांच अपराध उघडकीस येतो. जिचा घात होण्याचा संभव अधिक, ती जागा त्यांनीं मुद्दाम आरंभीं ठेविली.

(६)

रीत बरोबर असली तरी फाइल उघडण्याच्या व मिटण्याच्या कामीं आणखी दोन धोके आहेत. पहिला धोका ‘डब्ल्यू’ या अक्षरांतच आहे. त्या नांवाची फाइल आधींच असेल, तर उघडल्याबरोबर तींतील सर्व मजकूर पुसला जातो. एक बाइटही लिहिण्यापूर्वीं धुळपाटीवर हात फिरविल्याप्रमाणें ती कोरी होते. दोन रुमालांतील कागदांस चुकून एकच नांव दिलें गेलें, तर दुसऱ्याची छायाप्रत पहिल्याच्या छायाप्रतीवर बसते व पहिली कायमची जाते. यास उपाय ‘डब्ल्यू’ऐवजीं ‘एक्स’ हें अक्षर वापरण्याचा आहे. ‘एक्स’ व ‘बी’ मिळून उघडलें असतां तें नांव आधीं असल्यास यंत्र काम नाकारतें. संग्रहाच्या मूळ छायाप्रती लिहितांना नेहमीं हीच जोडी वापरावी. सूचीच्या शेवटीं नवी नोंद जोडावयाची असेल तर ‘ए’ व ‘बी’ वापरावे. मागील नोंदींस धक्का लागत नाहीं.

दुसरा धोका मिटण्याचा. ‘राइट’ ही आज्ञा दिली म्हणजे बाइट लगेच तबकडीवर उमटले असें नाहीं. यंत्र ते आपल्या स्मरणांत कांहीं वेळ सांठवून ठेवतें व सवडीनें उतरवितें. मध्येंच वीज गेली, तर फाइलीचें नांव दिसतें, परंतु आंतील मजकूर अर्धाच असतो. यासाठीं ‘विथ’ या रचनेनें फाइल उघडावी, म्हणजे काम संपतांच अथवा मध्यें चूक झाली तरी ती आपोआप मिटली जाते. महत्त्वाची सूची बदलावयाची असल्यास जुन्या कारकुनांची मसुद्याची रीत पाळावी : नवी प्रत वेगळ्या नांवानें पुरी लिहावी, ‘फ्लश’ व ‘एफसिंक’ या आज्ञांनीं ती तबकडीवर पोंचवावी, तपासावी, आणि मगच ‘रिप्लेस’ या आज्ञेनें तिला जुन्या प्रतीचें नांव द्यावें. वीज केव्हांही गेली तरी जुनी प्रत किंवा नवी प्रत यांपैकीं एक संपूर्ण हातीं राहते.

येथेंच एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्र एखाद्या साधनांत उघडून पुन्हां सांठविलें म्हणजे त्याची नक्कल झाली असें पुष्कळांस वाटतें. जेपेग प्रकारच्या चित्रांत संक्षेपासाठीं कांहीं तपशील गाळलेला असतो. तें उघडून पुन्हां सांठविलें कीं गाळणी पुन्हां लागते, आणि फिक्या शाईचे मोडीचे बारीक फांटे तिच्यांतून प्रथम जातात. नक्कल म्हणजे बाइट वाचून तेच बाइट लिहिणें. चित्र पुन्हां सांठविणें हें नवें लेखन होय.

(७)

नक्कल पुरी झाल्यावर ती बरोबर आहे हें कशावरून ठरवावें? आपले पूर्वज ग्रंथसंख्या सांगत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ अशा मापानें सबंध पोथी मोजून तो आंकडा शेवटीं लिहीत, म्हणजे पुढील नकलकाराची एखादी ओळ गळली तर मोजदादींत ती सांपडे. फाइलीची लांबी बाइटांत मोजणें हा त्याचाच प्रकार होय. वरच्या उदाहरणांतील सूचीची लांबी आठानें भागून पाहिली असती तरी दोष कळला असता. परंतु एक अक्षर गळून दुसरें अधिक पडलें, किंवा एकाच्या जागीं दुसरें आलें, तर संख्या तीच राहते व दोष लपतो.

म्हणून संगणकांत अधिक कठोर पडताळा वापरतात. एसएचए-२५६ नांवाची एक गणितकृति आहे. ती सबंध फाइलींतून जाऊन २५६ बिटांची एक खूण काढते. म्हणजे बत्तीस बाइट, किंवा छंदाच्या भाषेंत बोलावयाचें तर आठ श्लोकांचे लघु-गुरु. फाइलींतील एका बिटाचा बदल झाला तरी खूण ओळखूं न येण्याइतकी बदलते, आणि दोन निरनिराळ्या फाइलींची खूण एकच येण्याची भीति व्यवहारांत धरावी लागत नाहीं. पायथनमध्यें ‘हॅशलिब’ या साधनानें ती काढतां येते. मात्र खूण काढण्यासाठीं फाइल वाचतांनाही ती द्विमान रीतीनेंच उघडावी लागते. छायाचित्र घेतलें त्याच दिवशीं ही खूण काढून यादींत लिहून ठेवावी, आणि दरवर्षीं ती पुन्हां काढून ताडून पाहावी. एक प्रत धुळ्यास व दुसरी जळगांवास ठेविली असेल, तर दोन्हीकडील खुणांची यादी पत्रानें कळवूनही प्रतींची एकवाक्यता ठरवितां येईल. जी प्रत बिघडली असेल ती दुसरीवरून सुधारावी. खूण नसेल तर दोहोंतील खरी कोणती हेंच सांगतां येणार नाहीं.

(८)

शेवटीं संकेताविषयीं. मोडीची ओळख नसणाऱ्यास मोडी कागद म्हणजे वळणांची एक माळ दिसते. शब्द कोठें तुटतो हेंही त्यास कळत नाहीं. द्विमान फाइलीची स्थिति याहून कठीण आहे, कारण तिच्यावर डोळा ठेवून तर्क करण्यासही जागा नसते. वर कल्पिलेल्या आठ बाइटांच्या नोंदींत पहिले दोन बाइट सुहूर सनाचे आहेत, सुटे आधीं लिहिले आहेत, तिसरा बाइट महिन्याचा आहे, हें ज्यानें ठरविलें त्याच्याबरोबर ही माहिती गेली, तर सूची शाबूत असून मुकी होते. म्हणून प्रत्येक द्विमान फाइलीशेजारीं साध्या मराठी मजकुराची एक फाइल ठेवावी व तींत हा संकेत सविस्तर लिहावा; ती लिहितांना अक्षरांचा संकेत यूटीएफ-८ असल्याचें आज्ञेंतच नमूद करावें. पाटणेंच्या लेखांत देणगीचा तपशील जसा लोकांच्या भाषेंत लिहिला, तसाच हा तपशीलही लोकांच्या भाषेंत असावा, व त्याची एक कागदी प्रत रुमालांत बांधून ठेवावी.

पाठशोधन, तारखांची दुरुस्ती, वाचनांतील शंका या सर्वांस जागा आहे. परंतु ती जागा शेजारच्या फाइलींत आहे, मूळ छायाप्रतींत नाहीं. छायाप्रत एकदां द्विमान रीतीनें लिहिली, तिची खूण नोंदली, कीं पुढें तिच्यावर कोणाचाही हात पडूं नये. ज्या गृहस्थांनीं आपले घरचे कागद विश्वासानें छायाचित्रासाठीं उघडून दिले आहेत, त्यांच्या नातवंडांस तेच कागद जसेच्या तसे दिसले पाहिजेत. नकलकारानें आपल्या पदरचें कांहीं घातलें नाहीं एवढी हमी संग्राहकास देतां आली, म्हणजे त्याचें काम झालें. अर्थ लावण्याचें काम पुढील संशोधक करतील.